शेवटची सायकल भिकामामांची

मी विम्याच्या क्लेमची तपासणी करतो. समोरचा थापा मारतोय असं धरूनच माझं काम सुरू होतं. त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव बायकोला वाचून दाखवत मी आजवर मनसोक्त हसलोय... आता तुम्ही माझ्यावर हसा, माझी ना नाही. पण जे झालं ते असं झालं.

आम्ही पडेगावचे. दर रविवारी सकाळी दौलताबादच्या घाटातून खुलताबादपर्यंत सायकलिंग – मी, असलम, नितीन आणि भिकामामा. मामा साठीच्या पुढचे, मेंढरं राखणारे. आमच्या गियरच्या सायकली आणि त्यांची ती जुनी, काळी, दांडीची. तरी घाटात आमची जीभ बाहेर यायची आणि मामा गप्पा हाणत यायचे. मात्र कायम शेवटी. "कळपाच्या मागं माणूस लागतो, भाच्या," म्हणायचे. आणि मेंढरांमागे करतात तो आवाज सारखा चालू – "हुर्रर्र... हाऽ, चल!" आवाज येतोय म्हणजे सगळे आहेत. आम्हाला मागे वळून बघायची सवयच राहिली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी जैसलमेरच्या पुढे, वाळवंटातली एक स्पर्धा निघाली. चौघांची टीम, चार दिवस, रोज चौघांनी एकत्रच रेषा ओलांडायची. मामांनी लगेच विचारलं, "कवा निघायचं?"

आणि मी... मला त्या काळ्या सायकलीची आणि धोतराची लाज वाटली. टीमच्या फोटोत ते कसे दिसतील, एवढंच डोक्यात आलं. म्हणालो, "मामा, पन्नाशीच्या आतलेच घेतात हो." अशी काही अट नव्हती.

मामा नुसतं "बरं" म्हणाले. त्यांच्या जागी जिममधला रोहन आला.

तिसरा दिवस, दुपारचे दोन. मी शेवटी होतो. मांडीत गोळा आला, चाक वाळूत घसरलं आणि मी आडवा. "थांबा!" म्हणून ओरडलो, पण वारा समोरून होता. तिघं तसेच पुढे गेले, चढापलीकडे दिसेनासे झाले. एकानेही मागे पाहिलं नाही.

दोन्ही बाटल्या रिकाम्या. फोनला रेंज नाही. मदतीची गाडी थेट पुढच्या थांब्यावर. बसायला सावली नाही, माणूस नाही, साधं कुत्रं नाही. थोडा वेळ शिव्या घातल्या, मग त्याही संपल्या. खरं सांगतो, रडलो. इतका एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो. डोळे मिटायला लागले, आणि मिटले तर बरंच, असंही वाटून गेलं.

तेव्हा मागून आलं – "हुर्रर्र... हाऽ, चल!"

त्या उन्हात अंगावर काटा आला. वळून बघायची हिंमत झाली नाही. आवाज जवळ आला, तसा मी कसाबसा उठलो आणि सायकलीवर बसलो. पुढे रस्त्याला दोन फाटे, दोन्ही वाळूखाली गेलेले. मी उजवीकडे वळलो, तर आवाज उजव्या अंगाने आला, दटावल्यासारखा – मेंढरू भरकटलं की मामा त्याच्या बाजूला येऊन करतात तसा. मी मुकाट्याने डावीकडे वळलो.

दोनेक किलोमीटरवर तिघं एका काटेरी झाडाखाली उभे होते. असलम वैतागलेला. "क्या रे, एकदम चुप कायकू हो गया? इतनी देर से मामा की नक्कल कर रा था ना!"

"मी?"

"मग कोण?" नितीन म्हणाला. "सकाळपासून तुझं हुर्रर्र चाललंय. ते बंद झालं म्हणून तर थांबलो."

रोहनने मान डोलावली. तो तर मामांना कधी भेटलाही नव्हता.

म्हणजे त्यांच्या मागचा आवाज थांबला, तो साधारण मला ऐकू आला त्याच सुमाराला.

संध्याकाळी रेंज मिळताच मामांना फोन लावला. दुपारी कुठे होता, विचारलं.

"कुठं असणार? माळावर, मेंढरांमागं. का रं?"

"नाही... तुम्ही इकडे आल्यासारखं वाटलं."

"मी कशाला येतो तिकडं?" मामा हसले. "म्हाताऱ्याला घेत नाय म्हणलास ना तू?"

मी घाईघाईने फोन ठेवला.

परत आल्यावर आधी त्यांच्याकडेच गेलो. ते एका मेंढराच्या खुरातला काटा काढत होते. खोटं बोललो होतो, ते सांगून टाकलं.

"ठाऊक व्हतं," मामा काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "सुनंनं मोबाईलवर बघून सांगितलं, अट बिट काय नाय म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला मी नको व्हतो. त्यात काय बोलायचं?"

रागावले नव्हते. चहा पाजला, वाळवंटात मेंढरं कशी असतात ते विचारलं. पण त्यानंतर रविवारी ते कधी आले नाहीत. "आता मेंढरंच लई झाली," म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं की भास होतात. माझ्यापुरतं मान्य. पण त्या तिघांच्या बाटल्यांत पाणी होतं... आणि आवाज त्यांनी सकाळपासून ऐकला होता. मी तपासणीवाला माणूस, पण ही फाईल माझ्याच्याने बंद होत नाही.

आता रविवारी शेवटी मी असतो. हुर्रर्र करतो, जमेल तसं. तरी पुढचे दोघं सारखं मागे वळून बघतात.