शॉटगनचं माहेर

आमच्या कडेगावचे सुभेदार तात्या चहा आधी हुंगायचे. मग कपाचा तळ बघायचे, मग तो करणाऱ्या सुनेचं, रेखाचं, तोंड. मुलगाही फौजेत, त्यामुळे घरात ही दोघंच. मी शेजारचा इंग्रजीचा मास्तर. मला तर ते शब्दांचाही जामीन मागायचे. "गुरुजी, ह्यो शब्द कुठनं आला? वळख पटल्याबिगर आमी गेटातनं कुत्रंबी सोडत न्हवतो."

उसातल्या रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. ती पुसता पुसता एकदा म्हणाले, "शॉटगन म्हंजी काय वं?"

"शॉट म्हणजे छर्रे," मी म्हणालो. "आणि गन मूळचं बाईचं नाव, गुनहिल्ड. विलायतेतल्या किल्ल्यावरच्या एका मोठ्या यंत्राला ते दिलं होतं म्हणे."

तात्यांचा हात थांबला. "बंदुकीला बाईचं नाव? कुणी सांगितलं तुमाला?" आणि त्यांनी रेखाकडे असं पाहिलं, की मीच चपापलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या हातचं खाणं सोडलं. घरातल्या गोष्टी बाहेर सांगते म्हणून! रेखा कुंपणाशी येऊन रडली. "आवं सर, मी काय सांगितलंया तुमाला?" कपाळ माझं! जीभ माझी वळवळली होती. मोबाईलवर त्या शब्दाचं मूळ दाखवलं, तर तात्या म्हणाले, "त्यात कुणीबी कायबी लिवतंय." शेवटी इस्लामपूरहून जाडजूड शब्दकोश आणला. पठ्ठ्याने पान टिपून घेतलं आणि एसटीने सांगलीला जाऊन दुसऱ्या ग्रंथालयात ताडून पाहिलं.

परतले ते थेट माझ्या ओट्यावर. "मी सरहद्दीवर असताना माझ्या बायकूनं, हौसानं, एकलीनं घर राखलं. ती गेल्यावर बंदुकीला तिचंच नाव ठिवलं. खंडेनवमीला दार लावून हळदकुंकू लावतो. रेखानं एकदा बगितलं हुतं. वाटलं, तुमच्यापाशी हसली आसंल." मग म्हणाले, "पोरीला लय छळलं, गुरुजी. पर सुनंपुढं सासऱ्यानं कसं बोलायचं?"

बोलले नाहीतच. त्या खंडेनवमीला मात्र दार सताड उघडं होतं आणि मला आवतण होतं. तात्यांनी पाटावरच्या बंदुकीकडे बोट करून कुंकवाचा करंडा रेखापुढे धरला. "तू लाव. सासू हाय तुजी. तुज्यावानीच एकली राह्यली."

रेखाने डोळे पुसत पूजा केली आणि चहा आणला. मी घोट घेतला; गडबडीत ती साखरच विसरली होती. तात्यांनी कप हुंगला नाही, तळ बघितला नाही. एका दमात संपवून म्हणाले, "झ्याक झालाय. आणि हाय का?"

तात्या गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या तोंडून मी माफी अशी ऐकली ती तेवढीच.