बांधाअलीकडचे उंदीर

ओब्दुलियाचा हात जड आहे, हे गावातल्या तीन माणसांना स्वतःच्या हाडांवरून ठाऊक होतं. शेवटचा मान टपालवाल्या एलादियोचा. तिच्या कबुतरघरातल्या घुबडावर त्यानं गंमत म्हणून छर्रा झाडला आणि तिनं फावड्याच्या एका दणक्यात त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्रेसष्टाव्या वर्षी तिच्याकडे स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी उरल्या होत्या: लसूणघासाचं शेत आणि कच्च्या विटांचं ते गोल कबुतरघर. कबुतरं केव्हाच गेली होती, नवरा त्यांच्याही आधी. आता तिथे गव्हाणी घुबडांची जोडी आणि त्यांची पाच पिल्लं राहत होती. त्या पिल्लांवर तिचा जीव होता.

त्या वर्षी पालेन्सियाच्या माळावर शेतउंदरांनी कहर मांडला. पाऊल टाकावं तिथे बीळ. दारूच्या गुत्त्यात एकच बोलणं: शहरातल्या पक्षीवाल्यांनी ससाण्यांना खायला म्हणून विमानातून पेट्याच्या पेट्या उंदीर सोडले. विमान कुणी पाहिलं नव्हतं, पण शपथेवर सांगणारे दहा होते. मग गावातल्या या शहाण्यांनी ससाण्यांच्या घरट्यांसाठी खांबांवर बसवलेली खोकी कुऱ्हाडीनं फोडली, पिल्लं बुटांखाली चिरडली. जे उंदीर खातात त्यांनाच मारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

म्होरक्या होता ओब्दुलियाचा धाकटा भाऊ फ्रोइलान. त्यानं उंदरांचं औषध लावलेला लाल गहू आणला. तो बिळात चमच्यानं घालायचा असतो. फ्रोइलाननं तो खत फेकायच्या यंत्रात ओतला आणि ट्रॅक्टर काढला. बांधावर ओब्दुलिया बंदूक घेऊन उभी होती. तो हसला. तिनं पुढचं चाक फोडलं. खाली उतरून त्यानं तिच्या थोबाडीत दिली, आणि लगेच बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. दोन दात मातीत पडले.

"बांधाच्या अलीकडे एक दाणा जरी पडला, तर उरलेलेही पाडीन," ती म्हणाली.

"तुझं शेत तुझ्यापाशी ठेव. माझ्यात मी काय वाट्टेल ते टाकीन."

त्यानं शब्द पाळला. अलीकडे एक दाणाही पडला नाही.

आठवड्याभरात घुबडाची मादी कबुतरघराच्या उंबऱ्यावर मेलेली सापडली. चोचीतून रक्त आलं होतं. नर परतलाच नाही. पाखराला बांध कळत नाही, दोघं फ्रोइलानच्या शेतातले उंदीर खाऊन मेली, हे ओब्दुलियानं तिथल्या तिथे ताडलं. तिनं भिंतीवर मुठी आपटल्या, सोलपटेपर्यंत. मग ठरवलं, पिल्लं मी जगवीन, आणि भरवीन ते फक्त माझ्या शेतातलं.

रोज सकाळी ती कुदळीचा दांडा घेऊन लसूणघासात शिरायची. एक घाव, एक उंदीर. डोकी फुटायची, शिंतोडे तोंडावर उडायचे, आणि ती शिव्या हासडत पुढचा टिपायची. पहिल्या दिवशी तासात वीस मारले, चौथ्या दिवशी साठ. उंदीर पळायचेसुद्धा नाहीत. म्हातारपणी हाताला धार आली म्हणून ती खूश झाली, पाववाल्याकडे बढाईही मारून आली. पिल्लं अधाशी. उंदराबरोबर तिचं बोटही ओढायची.

सहाव्या दिवशी सगळ्यांत थोरल्या पिल्लानं मान टाकली. दुपारपर्यंत एकूण चार गेली. पिसांच्या मुळाशी रक्त साकळलं होतं. ओब्दुलियानं फ्रोइलानची गचांडी धरली आणि त्याला त्याच्या अंगणातून कबुतरघरापर्यंत फरफटत आणलं.

"माझ्या शेतात कधी टाकलंस?"

"आईची शपथ, नाही टाकलं." त्यानं तिथे ठेवलेल्या तिच्या शिकारीच्या टोपलीतला एक उंदीर उचलून खिशातल्या सुरीनं त्याचं पोट फाडलं. आत लाल लगदा आणि सगळीकडे रक्त. "ताई, हे पळत नव्हते का गं?"

ती टोपलीतले उंदीर उलटेपालटे करायला लागली.

"माझ्याकडचं खाऊन इकडे आले. उंदरांना कसला आलाय बांध?"

तिनं दांडा उगारला. फ्रोइलाननं डोळे मिटून डोकं पुढे केलं. "मार," तो म्हणाला.

"तुला मारून काय करू? घास मी भरवले."

दांडा तिच्या हातून गळून पडला. वर कोनाड्यात उरलेलं एकटं पिल्लू तिचा आवाज ऐकून चोच वासून ओरडायला लागलं. त्याला भूक लागली होती.