थांबासाहेबांचा पंख

त्यांच्या तोंडी सदानकदा एकच शब्द, ‘थांबा’. म्हणून अख्खी प्रयोगशाळा त्यांना थांबासाहेब म्हणायची. काम तरी कसलं? एका छोट्या प्रवासी विमानाचा पंख शेडमध्ये जखडून ठेवायचा आणि यंत्राने वर-खाली, वर-खाली वाकवत राहायचं. तडा कधी जातो ते बघायचं. आकाशातल्या पंखांच्या आधी हा शेडमधला पंख म्हातारा झाला पाहिजे, म्हणजे तिकडच्यांच्या जिवाला धोका नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ह्यात घातली. विमान सुरक्षित असल्याची सहीही त्यांचीच, आणि त्या सहीच्या भरवशावर लोक खुशाल उडत होते.

बायकोला मात्र ह्या बाबाने त्यात कधी बसू दिलं नाही! तिची थोरली बहीण डोंगरापलीकडच्या गावी. बसने जायचं तर दिवसभर हाडं खिळखिळी, आणि हिची प्रकृती तोळामासा, त्यात हृदयाचं दुखणं. विमानाने बसल्या बसल्या पोचली असती.

"अहो, ताईला एकदा डोळे भरून बघायचंय. काढा ना तिकीट."

"थांब जरा. चाचणी संपू दे."

"दुनियेला बसवलंत, मीच तेवढी जड झाले का?" ती हसत म्हणायची. पुढे पुढे हसेनाशी झाली.

खरं कारण सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. आकड्यांवर विश्वास होता हो, पण ती त्या विमानात बसलेली नुसती मनात आली तरी भीतीने तेच आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसायचे. एवढा शिकलेला माणूस, पण इथे अक्कल गहाण!

पंखाला तडा गेलाच नाही. बायको मात्र गेली, भर दुपारी, भाजी निवडता निवडता, बहिणीला न भेटताच. नंतर चाचणी संपली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हात धुवायला म्हणून गेले आणि नळ सोडून रडले.

निवृत्त झाल्यावर मेहुणीला भेटायला ते त्याच विमानाने निघाले. वाटेत हवा बिघडली, पंख डुलायला लागला. शेजारच्या बाईंनी घाबरून त्यांचा हात धरला.

"मोडणार तर नाही ना हो?"

"छे! हलू द्या त्याला. मी तपासलाय, काही होत नाही."

बाईंच्या जिवात जीव आला. "मग मंडळींनाही आणायचं की बरोबर!"

"तिला थांब म्हणालो होतो," एवढंच ते बोलले. मग विमान उतरेपर्यंत बाईंचा हात त्यांनाच सोडवेना.