कागदमामांची तिसरी प्रत

कागदमामा लग्नपत्रिकेचीही झेरॉक्स काढून ठेवत. कशाला, असं विचारलं तर म्हणत, “उद्या नवरा पलटला तर?” आणि हसत नसत.

पूनम सागर वसाहतीच्या मागच्या इमारतींत मराठवाड्यातून आलेली आमची जेवढी घरं आहेत, त्या सगळ्यांचे ते मामा. खरं नाव इथे लिहीत नाही. ते एका पत्रकावर छापलेलं आहे; का, ते पुढे येईलच. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. काखेत रेक्झिनची फाईल. एका कंपनीच्या टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून ते बसायचे आणि जातीचा दाखला, रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, जे येईल त्याचे फॉर्म फुकट भरून द्यायचे. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायचे.

त्यांचा एक नियम होता. “तीन प्रती काढायच्या. एक घरात, एक कचेरीत, एक माणसात. घरात पाणी शिरतं, कचेरी जळते, माणूस टिकतो.” ‘माणसात’ म्हणजे विश्वासातल्या कुणाकडे तरी. आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांत दुसऱ्याच कुणाचे तरी कागद असतात, ते या नियमामुळे.

हा नियम हौसेतून आलेला नव्हता. मामांचा थोरला भाऊ सरकारी नोकरीच्या परीक्षेत पास झाला, आणि जात पडताळणीच्या वेळी शाळेच्या जुन्या रजिस्टरचं नेमकं ते पान वाळवीने खाल्लेलं निघालं. नोकरी गेली. मामा सांगत, “माझा भाऊ शिकला, पास झाला, पर कागदावर तो जन्मलाच न्हवता.” ज्यांच्या पणजोबांची नावं ताम्रपटावर आहेत, त्यांना ही भीती कळणार नाही. आम्हाला कळते. या देशात आम्हाला आमचं असणं दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं, तेही तीन प्रतींत.

मी तेव्हा वस्तीतल्या संघटनेची पत्रकं लिहायचे. मामा मला “पत्रकवाली” म्हणत आणि माझा मसुदा लाल पेनने तपासत. उद्गारचिन्हं आधी उडवत. “उद्गारचिन्हानं कुणाचं रेशन कार्ड झालंय का गं?” शेवटी खाली सही करत. सहीशिवायचा कागद त्यांच्या लेखी रद्दी होता.

त्यांचा मुलगा मिलिंद घरी बसून परदेशातल्या लोकांच्या वेबसाइट बनवायचा आणि ते लोक त्याला क्रिप्टोमध्ये मोबदला द्यायचे. अडतिसाव्या वर्षी, एका सकाळी, आंघोळीला गेलेला मिलिंद बाहेर आलाच नाही. हृदय. मागे बायको वैशाली, बारावीतली मुलगी, एक फोन आणि डायरीचं एक पान. पानावर इंग्रजीतले बारा साधे शब्द, ओळीने. वैशाली वहिनीला एवढंच माहीत होतं, की मुलीच्या नर्सिंगची सगळी सोय त्या फोनमधल्या वॉलेटमध्ये आहे. मिलिंद तसं म्हणायचा.

तेराव्याचं वगैरे आमच्यात नसतं. पुण्यानुमोदन झालं आणि दुसऱ्याच दिवशी मामा फोन घेऊन माझ्याकडे आले.

“ह्यात पैसे हायेत का?”

“फोनमध्ये नाहीत, मामा. एक मोठी वही आहे, जगभर उघडी. कुठल्या नंबरवर किती आहेत, ते त्यात दिसतं. नाव दिसत नाही.”

“म्हणजे सातबारा. कुणीबी बघावा.”

“हो. आणि हे बारा शब्द म्हणजे मालकाचा अंगठा.”

“मॅनेजर कोन?”

“कुणी नाही.”

“वारसाची नोंद?”

“नसते.”

“मग तक्रार कुणाकडं करायची?”

“कुणाकडेच नाही.”

मामांनी फोन पालथा ठेवला. “साहेब नसलेली कचेरी काढली म्हन की. आन् फोन हरवला तर?”

“शब्द असले तर दुसऱ्या फोनवर सगळं परत येतं.”

“शब्द हरवले तर?”

“मग संपलं.”

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांनी मला त्याच्या पुढचं काही विचारलं नाही आणि मीही नीट सांगितलं नाही. फोनवर कुणाला शब्द सांगू नका, एवढंच मी म्हणाले. मग त्याच रात्री, नवीन काहीतरी कळल्याच्या उत्साहात, मी पत्रक लिहिलं. ‘बारा शब्द कागदावर लिहा. फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका. फोनवर कुणालाही सांगू नका. हरवू नका.’ मामांनी ‘हरवू नका’च्या खाली दोन लाल रेघा मारल्या. “हे मोठ्या अक्षरात घे.” घेतलं.

मी त्यांना म्हणाले होते, वहिनीच्या नावाने नवीन वॉलेट उघडू, नवे बारा शब्द घेऊ, आधी थोडे पाठवून बघू, मग सगळे हलवू. तासाभराचं काम. मामा चिडले. “मेलेल्या पोराच्या खिशात हात घालायचा का? वारस दाखला येऊ दे. समदं रीतसर होईल.” वॉलेटला दाखला लागत नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान हलवली आणि अर्ज लिहायला घेतला.

त्याच आठवड्यात त्यांना एक फोन आला. दुकानाबाहेर स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी स्पीकर लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “वॉलेट कंपनी से बोल रहा हूँ अंकल, वेरिफिकेशन के लिए वो बारह शब्द बताइए.” मामा म्हणाले, “पहले अपना अथॉरिटी लेटर भेजो. तीन कॉपी में.” झेरॉक्सवाला मशीन थांबवून हसला. मलाही वाटलं, मामांना समजलंय.

एक दिवस त्यांनी मला चिकटवलेला लिफाफा दिला. “तुझ्याकडं असू दे. माणसातली प्रत.” मी न बघता ट्रंकेत टाकला. असे चार लिफाफे आधीच होते त्यात, कुणाकुणाच्या दाखल्यांचे.

दोन महिन्यांनी वहिनीने फोन उघडला तर वॉलेटमध्ये शून्य होतं.

“मामा, शब्द कुणाला दाखवले?”

“दाखवले न्हाईत कुणाला. जोडलेत. जिथं जोडायला पायजे तिथं.”

त्यांनी फाईल उघडली. वारस दाखल्याचा अर्ज. मालमत्तेच्या यादीत बँकेचं खातं, विम्याची पॉलिसी, मोबाइल फोन, आणि चौथ्या ओळीत ‘डिजिटल वॉलेट’. पुरावा म्हणून जोडपत्र ‘ड’. सुबक टाइप केलेले बारा शब्द, खाली ‘सत्यप्रत’ आणि मामांची सही. टायपिस्टने पाहिलं, झेरॉक्सच्या मशीनवरून गेलं, वकिलाच्या टेबलावर पडलं, कचेरीच्या गठ्ठ्यात शिरलं. वर एक प्रत घोडबंदरला मामांच्या बहिणीच्या घरी आणि एक माझ्या ट्रंकेत. कुणी उचललं, ते आजही माहीत नाही. कळणारही नाही.

मला राग आला, आणि तो मामांचा नव्हता. ज्या माणसाला जन्मभर सांगितलंत की जोडपत्र नसेल तर तुझं काहीच तुझं नाही, त्याने जोडपत्र जोडलं. त्याच्याकडून दुसरी कुठली चूक होणार होती? आणि त्याला सावध करायला निघालेली मी ‘हरवू नका’ मोठ्या अक्षरात छापून बसले होते. ‘दाखवू नका’ हा शब्द माझ्या पत्रकात कुठेच नव्हता. फोनवर सांगू नका, एवढंच होतं. मामांनी ते तंतोतंत पाळलं.

पोलीस चौकीत साहेबांनी जोडपत्र पाहिलं आणि हसू दाबलं नाही. “आजोबा, तिजोरीची चावी पुरावा म्हणून लावलीत?” मग वही ओढली. “प्रती कुणाकुणाकडे गेल्या, नावं द्या. एकेकाला बोलावतो.”

मामा म्हणाले, “नावं न्हाईत.”

“आठवत नाहीत?”

“आठवत्यात. द्यायची न्हाईत.”

बाहेर आल्यावर मी भांडले. वहिनी रडत होती. मामा चपला घालत म्हणाले, “आपल्या मान्सांना आत बोलावतेत तवा चहा पाजत न्हाईत. चोर एक असंल. मी पाच जनांना कशाला देऊ?”

त्या उघड्या वहीत मिलिंदची कमाई एका परक्या नंबरवर अकरा दिवस पडून होती. मामा रोज सकाळी येऊन मला फोन उघडायला लावत. “दिसायलंय की गं.” हो, मामा. “मग आनायचं कसं?” बाराव्या दिवशी तिचे तुकडे होऊन ती कुठे कुठे गेली. मामा यायचे थांबले.

मग ते घरोघर फिरले आणि दिलेल्या प्रती परत घेतल्या. उद्या चौकशी लागली तर कुणाच्या घरात तो कागद सापडू नये म्हणून. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आले. मी लिफाफा काढून दिला. त्यांनी डिंकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“उघडला न्हाईस?”

“नाही मामा. शपथ.”

“उघडायला पायजे होतास,” ते म्हणाले. “तू बघितलं असतंस तर मला वरडली असतीस.”

त्यांनी लिफाफा फाईलमध्ये घातला.

मुलीचं नर्सिंग राहिलं. ती काशिमीऱ्याला एका दुकानात उभी असते. वहिनी कपड्यांच्या कारखान्यात लागली. मामा परभणीकडे गावी निघून गेले. जाताना लाल पेन झेरॉक्सवाल्याला दिलं.

मी नवं पत्रक लिहिलं. ‘बारा शब्द अर्जाला जोडू नका. झेरॉक्स काढू नका. वकिलाला, साहेबाला, माझ्यासारखीला देऊ नका. घरात कुठे ठेवलेत, ते फक्त वारसाला सांगा. घरचं माणूस गेलं तर आधी नवं वॉलेट, नवे शब्द, दाखला मागाहून.’ वर लिहिलं होतं, ‘आपल्या शहरातील एका ज्येष्ठ नागरिकाने ही चूक केली.’ मसुदा मामांना पाठवला. तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने परत आला. उद्गारचिन्ह नव्हतंच, त्यामुळे काही उडवलं नव्हतं. फक्त ‘एका ज्येष्ठ नागरिकाने’ हे निळ्या पेनने खोडून तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

पत्रक छापून आलं तेव्हा मामा हयात नव्हते.

परवा पालीच्या कोळीवाड्यात मी ती पत्रकं वाटत होते. सुकी मासळी निवडत बसलेल्या एका मावशीने पत्रक सुनेकडून वाचून घेतलं. सुनेचा नवरा जहाजावर असतो, त्याच्याही फोनमध्ये ते वॉलेट आहे म्हणे.

“ह्यो मानूस कोन?” मावशीने विचारलं.

“आमचे मामा.”

“आनि त्याचा नाव असा छापलास? लाज न्हाय वाटली?”

“त्यांनीच लिहून दिलं, मावशी.”

तिने मासळीचे हात लुगड्याला पुसले. मग पत्रक घडी करून कनवटीला लावत म्हणाली, “पोरीला उत्तनला द्याला पायजे. याची झेरॉक्स काढली तर चालंल?”

“याची काढा,” मी म्हणाले. “हव्या तेवढ्या.”