वहिनी झडती घेते

आमच्या वहिनीचा नवऱ्याच्या खोकल्यावरही विश्वास नाही. आधी कपाळाला हात लावणार, मग तोंड उघडायला लावून घशात डोकावणार, आणि मग म्हणणार, "बरं, झोप." तिचं कामच तसं. कपड्यांच्या कारखान्यात बायकांच्या फाटकावर ती झडती घेते. शिवणाऱ्या, काजं-बटणं करणाऱ्या, इस्त्रीवाल्या, साऱ्या जणी येता-जाता तिच्या बिनखिडकीच्या खोलीतून जातात. खिसे, पिशव्या, डब्यांची झाकणं, काही म्हणजे काही सुटत नाही. तिच्या स्वतःच्या गणवेशाचे खिसे मात्र कारखान्याने शिवून बंद केलेत, आणि तिचीही झडती दुसरी एक बाई घेते. म्हणजे बघा!

मी तिची नणंद. घरीच शिवणकाम करते आणि तिच्या दोन्ही पोरांकडे बघते. मीही काही साधीभोळी नाही, ताकसुद्धा फुंकून पिते. आम्ही दोघी एकमेकींवर डोळा ठेवून असतो. माझा भाऊ बस चालवतो. तो म्हणतो, "दिवसभर रस्ता बघतो तेवढाच काय तो आराम, घरी आलो की चौकशी."

पोरांची झडती सुरू झाली ती एका खोडरबरामुळे. धाकट्याच्या खिशात दुसऱ्या कोणाचं तरी खोडरबर सापडलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून वहिनी घरात आली की पोरांनी दारात हात वर करून उभं राहायचं. दुसऱ्या कोणाचं खोडरबर पुन्हा कधी सापडलं नाही, पण एकदा धाकट्याच्या खिशातून एक हिरवागार कडक पाठीचा किडा निघाला. मी किंचाळले. वहिनीच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"कुठून आणलास?"

"मैदानामागच्या झुडपातून."

"कोणत्या? पानं कशी होती? एकटाच होता? काय खात होता?"

धाकटा किड्याकडेच बघायला लागला.

"म्हणजे न बघता उचललास. जा, जिथून आणलास तिथे ठेवून ये. आणि उद्या मला सगळं नीट सांगायचं. खोटं बोललास तर मला कळतं."

दुसऱ्या दिवशी पोरगं तासभर त्या झुडपासमोर उकिडवं बसून होतं. आईपुढे जबानी द्यायची म्हटल्यावर करतो काय! तेव्हापासून दोघांनाही नाद लागला. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठचा. शाळा सुटली की मैदानामागच्या पडीक जागेत. जिवंत माल परत जायचा. शंख, पिसं, सालं, शेंगा असा बाकीचा माल जप्त होऊन कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यात जायचा. शेजारची पोरं मोबाइलच्या पडद्यात डोकं घालून बसलेली, आणि आमची पोरं मुंग्या अंडी कुठे हलवतात यावर भांडतायत.

मला मात्र यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. एवढी चोख बाई कचरा का साठवते? मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पुरावा आहे." पण पोरं झोपल्यावर ती डबा उतरवून एकेक वस्तू हातात धरून बसते, ते मी दाराच्या फटीतून पाहिलंय. पुरावा असा कुरवाळतात का कोणी?

मग एका संध्याकाळी थोरलीचे खिसे रिकामे निघाले. धुळीचा कणसुद्धा नाही. मी म्हटलं, "सुटलो बाई, धुणं तरी स्वच्छ होईल." वहिनीचा चेहरा मात्र पडला.

"खिसे रिकामे असतात त्यांचं काही नाही," ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "झटकून ठेवलेले असतात त्यांच्याकडे बघायचं. हिने दाराबाहेर सगळं टाकून दिलंय."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पोरीने हातच वर केले नाहीत. रोज सकाळी आईच्या अंबाड्याला जाळी लावून द्यायचं काम तिचं, तेही बंद. वहिनी धाकट्याला विचारी, मला विचारी, पडीक जागेतही जाऊन आली. शेवटी तिने पोरीला समोर बसवलं.

"कोण काय बोललं?"

"तू तिच्या आईला पकडलंस," थोरली म्हणाली. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची आई कारखान्यात शिवायला होती. दोऱ्याची रिळं डब्याच्या तळाशी सापडली आणि तिचं काम गेलं. "ती आता माझ्याशेजारी बसत नाही. सगळ्या म्हणतात, हिची आई बायकांच्या अंगाला हात लावून बघते. मला नाही चोर व्हायचं रोज दारात!"

माझ्या हातातली सुई थांबली. मला वाटलं, आता वहिनी आवाज चढवणार.

"हो, पकडलं," वहिनी म्हणाली. "रिळं होती, मी सांगितलं. ते माझं काम आहे, आणि ते केल्यावर मला जेवण गेलं नाही, हेही खरं. पण तुमचे खिसे मी त्यासाठी नाही बघत गं."

"मग कशासाठी?"

वहिनीने कपाटावरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी अंधारात निघते, अंधारात येते. मधे ती खोली. बाहेर काय उगवलं, काय उडालं, मला काय माहीत? मी जे काही बघते ना, ते तुमच्या खिशात बघते."

थोरली उठून भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या रात्री वहिनीने डबाही उतरवला नाही. मला तिची फार दया आली, खोटं कशाला बोलू?

सकाळी मात्र पोरगी उठली आणि आईचा अंबाडा घालून जाळी लावून दिली. माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढी मेहेरबानी कशी झाली?

संध्याकाळी वहिनी आली ती पाय आपटतच.

"आज कोणीतरी मला बनवलं! सकाळपासून खुळखुळ आवाज येतोय. मण्यांसारखा. जिच्याजवळ वाकावं तिच्याकडून येतो. एकेकीला दोनदा तपासली, डबे उपडे केले, काही नाही! एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं."

एवढं बोलून ती बूट काढायला वाकली. खुळ्ळ! मी कान टवकारले. धाकट्याने तोंडावर हात दाबला.

थोरली पुढे झाली. "हात वर."

वहिनी बघतच राहिली, पण तिने हात वर केले. पोरीने अगदी आईसारखी झडती घेतली. कॉलर, बाह्या, मग शिवलेले खिसे. त्या टाक्यांवर तिचं बोट जरा थांबलं. मग तिने जाळी सोडली, आणि अंबाड्यातून एक वाळलेली चपटी शेंग काढून आईच्या हातावर ठेवली. आतल्या बिया खुळखुळल्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मी ओरडले.

वहिनी हसली नाही. तिने रोजचा प्रश्न विचारला, पण आवाज रोजचा नव्हता. "कुठून आणलीस?"

"मैदानाच्या भिंतीपलीकडच्या उंच झाडाची. खाली पडलेली. तोडली नाही."

"आणि कारखान्यात कशाला पाठवलीस?"

"तुझ्या खोलीला खिडकी नाही ना."

वहिनी पोरीला जवळ ओढून रडली. आमच्या वहिनीला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ती मैत्रीण अजून थोरलीशेजारी बसत नाही. आणि ती शेंग डब्यात गेली नाही. दुसऱ्या सकाळी वहिनीने ती स्वतःच्या हाताने अंबाड्यात खोचली, वर जाळी लावून घेतली, आणि मला दम भरला, "कुठे बोललीस तर बघ!"