थंडीतली गाडी आणि रशीदभियांचा फवारा

राऊ गावातल्या रशीदभियांच्या (भिया म्हणजे आमच्याकडचे भैया) डिझेल गॅरेजमधल्या बाकावर मी अख्खा हिवाळा काढला. विणायला स्वेटर न्यायची. स्वेटर राहिला अर्धाच, किस्से मात्र ढीगभर झाले!

आमचा जुना डिझेल पिकअप थंडीत सुरूच व्हायचा नाही. माझा आरव तीन वर्षांचा, गारठ्यात त्याला दम लागतो. सकाळी त्याला दवाखान्यात न्यायचंय आणि गाडी अडून बसली तर? ह्याच काळजीनं मी यांच्या मागे मागे गॅरेजात जायची.

*

पहिल्या दिवशी भियांनी इंजिनात डिझेल फवारणारं नोझल काढून टेस्टिंगच्या मशीनवर लावलं, हँडल दाबलं. डिझेल टपटप गळलं.

"भाभी, ठंड में मोटी बूंद जलती नहीं. महीन धुंध चाहिए."

"म्हणजे आरवच्या वाफेच्या मशीनमधून दवाई निघते तशी?"

भियांनी यांच्याकडे पाहिलं. "आपको दो साल से समझा रहा हूँ. भाभी को दो मिनट लगे!"

*

देपालपूरचे एक काका ट्रॅक्टरचं नोझल घेऊन आले. बारीक भोकं बुजली म्हणून घरीच सुई घालून साफ केली होती. "एकदम चकाचक है!"

भियांनी हँडल दाबलं. सुईनं भोकं मोठी झालेली, जाड धारच लागली. "काका, फुहारा चाहिए था, आपने तो नल खोल दिया!"

*

यांचंही शहाणपण ऐका. दुसऱ्याच इंजिनाचं नोझल कुठून तरी आणलं. "घट्ट बसतंय ना, मग झालं!" सकाळी गल्लीभर पांढरा धूर, गाडी ढिम्म.

भिया म्हणाले, "दूसरे का चश्मा भी नाक पर बैठ जाता है. दिखता थोड़ी है!" आणि आमच्या इंजिनाचं नोझल मागवलं.

*

ते नोझल येईपर्यंत मी रोज भियांना फोन लावायची. आज थंडी फार आहे, गाडी चालेल ना? एकदा वैतागले. "भाभी, मैं मिस्त्री हूँ, मौसमवाला नहीं!"

पण फोन एकदाही कट केला नाही हो त्यांनी.

*

आरव आता बरा आहे, म्हणून हे हसत सांगतेय. नवं नोझल बसवलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी आरवची छाती वाजायला लागली. मी त्याला शालीत गुंडाळून गाडीत बसले. आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत आमची गाडी काढायची म्हणजे शेजाऱ्यांनी धक्का द्यायचा, ही पद्धतच पडली होती. माकडटोप्या घालून तिघं न बोलावता आले, मागे हात टेकून उभे राहिले.

यांनी चावी फिरवली. एका झटक्यात गाडी सुरू! मला रडूच फुटलं.

मागून शेजारचे दातेकाका ओरडले, "सूनबाई, उठलोच आहे तर कोपऱ्यापर्यंत ढकलतो!"

आणि चालू गाडीला तिघांनी कोपऱ्यापर्यंत धक्का दिला.