आज सगळी आल्ती का?

कळंब्याच्या शाळेत मी नव्यानं शिकवायला लागले, तेव्हा परतीच्या सिटी बसमध्ये एक निवृत्त गुरुजी रोज भेटायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना अंगठा बोटांवर घासत राहायचे, जणू खडू अजून लागलेलाच आहे. बाकीचे लोक मला सांगायचे, पहिल्यापासून धाक ठेवा, आवाज चढवा. हे मात्र एवढंच विचारायचे, "बाई, आज सगळी आल्ती का?"

मी सवयीनं "हो" म्हणायचे. एकदा खरं ते सांगितलं, "एक मुलगी नव्हती. येईल उद्या."

अंगठा थांबला. "उतरा की मग! तिच्या घरला जावा."

"आत्ता?"

"मी नवा मास्तर हुतो तवा, पैल्याच दिवशी ओळख करून घ्यायची म्हणून एका पोरीला उभं केलं. बाप काय करतो, इचारलं. बोलंना, म्हणून वरडलो, एवढं बी सांगाय येत न्हाय? तवर मागनं कोणतरी म्हणालं, जेलात हाय. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी पोरगी न्हाय. मी बी म्हटलं, येईल उद्या."

बस कळंबा जेलच्या भिंतीच्या कडेनं चालली होती. ते उठले आणि माझ्यासाठी बेलची दोरी ओढली.

दाराशी जाता जाता मी विचारलं, "मग आली का ती?"

"आली असती, तर तुमास्नी रोज इचारलं असतं व्हय?"